सी. एन. सी. राउटरसाठीं बिटाची निवड

जमीन तीच, बैल तेच आणि औत तेंच असतांहि फाळ बोथट असला तर नांगरट बिघडते, ही गोष्ट कोणाहि शेतकऱ्यास सांगावयास नको. हाच न्याय संगणकाच्या आज्ञेनें लाकूड कोरणाऱ्या यंत्रासहि लागू आहे. या यंत्रास सी. एन. सी. राउटर असें म्हणतात. त्याची चौकट, मोटार व संगणक यांविषयीं लोक पुष्कळ विचार करितात व पुष्कळ पैसा खर्चितात. परंतु लाकडास प्रत्यक्ष भिडतें तें बोटाएवढें बिट, आणि तें मात्र बहुधा यंत्राबरोबर आलेल्या डबींतून हातास लागेल तें घेतलें जातें. परिणाम असा होतो कीं, फळी जळते, कडा उसवतात, बिट मोडतें आणि दोष यंत्रास दिला जातो. बिट कोणतें, केव्हां व किती वेगानें वापरावें, याची व्यवस्थित माहिती मराठींत असावी म्हणून हा लेख आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

शेतकी मासिकांत हा विषय कशासाठीं, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर आमच्या भोंवतींच आहे. राई, मुर्धें, मोरवा, डोंगरी, उत्तन हीं भाईंदरच्या पश्चिमेकडील गांवें भातशेती, मिठागरें व मासेमारी यांवर जगत आलीं. २००२ सालीं मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली. त्याच्या आधीपासूनच जमिनी इमारतींखालीं जाऊं लागल्या होत्या. ज्यांच्याकडे थोडी वाडी उरली आहे, त्यांच्या घरच्या तरुणांस जोडधंदा हवा आहे. मधमाशांच्या पेट्या, टोकणयंत्राच्या बियाण्याच्या चकत्या, रोपवाटिकेंतील ठसे पाडण्याच्या फळ्या, दारावरच्या नांवांच्या पाट्या हीं सर्व कामें लहान राउटरवर होऊं शकतात. अशा घरीं पैसा मोजका असतो. चार बिटें व्यर्थ मोडलीं आणि दोन फळ्या जळाल्या, तर उमेद खचते व यंत्र माळ्यावर जातें. तें तसें जाऊं नये एवढाच आमचा हेतु आहे.

यंत्राची ओळख

अंकांनीं यंत्र चालविण्याची कल्पना अमेरिकेंत जॉन पार्सन्स याची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वांकदार आकार अचूक कापण्याच्या खटपटींतून ती निघाली, आणि १९५२ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेनें भोंकें पाडलेल्या कागदी पट्टीवरील आज्ञांनीं चालणारें यंत्र लोकांस दाखविलें. आज तेंच काम टेबलावर मावणाऱ्या चौकटींत होतें. डावीकडून उजवीकडे, पुढून मागें आणि वरून खालीं अशा तीन दिशांनीं एक फिरती मोटार सरकते. या मोटारीच्या फिरत्या दांड्यास स्पिंडल म्हणतात, त्याच्या टोकास बिट धरणाऱ्या चिमट्यास कोलेट म्हणतात, व कोलेटमध्यें बिट बसतें.

येथें एक गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. भोंक पाडण्याचें गिरमिट व राउटरचें बिट दिसावयास सारखीं असलीं तरी त्यांचें काम भिन्न आहे. गिरमिटाची धार टोकास असते; बाजूच्या पिळाचें काम भुसा वर काढण्याचें. राउटरच्या बिटास बाजूसहि धार असते, कारण त्यास आडवें चालावयाचें असतें. गिरमिट राउटरमध्यें लावून आडवें चालविलें तर तें कापीत नाहीं, लाकडावर रेटलें जातें आणि मोडतें. उलटपक्षीं राउटरच्या एका बारीक बिटानें गोल फिरून वाटेल त्या मापाचें भोंक पाडतां येतें. टोकणयंत्राच्या चकतींत बियाण्याच्या लांबीहून किंचित मोठें असें साडेनऊ मिलिमीटरांचें भोंक हवें असेल, तर त्या मापाचें गिरमिट शोधीत हिंडावयास नको.

बिटाचा धातु

बाजारांत मुख्यतः दोन धातूंचीं बिटें मिळतात. पहिलें हायस्पीड पोलादाचें. टेलर व व्हाइट या दोघां अमेरिकनांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलाद तापविण्याची जी रीत काढली, तींतून हें पोलाद पुढें आलें. तें चिवट आहे, त्यास धार फार तीक्ष्ण देतां येते, आणि किंमतहि कमी. दुसरें टंग्स्टन कार्बाइडचें. टंग्स्टन व कार्बन यांच्या संयुगाची भुकटी कोबाल्टमध्यें घट्ट बांधून हा पदार्थ होतो. १९२३ सालीं जर्मनींत श्रोटर यानें त्याचें पेटंट घेतलें, व १९२६ पासून क्रुप कारखान्यानें तो विडिया या नांवानें विकला. विडिया म्हणजे हिऱ्यासारखें. हा पदार्थ अत्यंत कठीण आहे, उष्णतेनें लवकर नरम पडत नाहीं. परंतु कांचेसारखा ठिसूळ आहे, आडवा मार बसला कीं तडकतो.

आमच्याकडील कामास कोणतें घ्यावें? सागांत सिलिका, म्हणजे वाळूंतील द्रव्य, असतें. बांबूच्या सालींत तें आणखी असतें. प्लायवूड व एम. डी. एफ. यांतील वाळलेला डिंक तर धारेस कानशीसारखा लागतो. या सर्वांपुढें पोलादी धार फार काळ टिकत नाहीं. म्हणून साग, बाभूळ, प्लायवूड, बांबू यांसाठीं कार्बाइडच घ्यावें. प्लॅस्टिक व मऊ लाकूड यांवर पोलादी बिट चालतें. आमच्या भागांतील खारी हवा पोलादास गंज आणते, हेंहि कार्बाइडच्या बाजूचें एक कारण आहे. सोनेरी मुलामा पाहून भुलूं नये. लाकडासाठीं त्याचा विशेष उपयोग नाहीं, पैसा धारेवर व कारागिरीवर घालावा.

जाडी व लांबी

बिट जितकें जाड तितकें तें कमी वांकतें, हें उघड आहे. पण किती कमी, हें सहसा ठाऊक नसतें. गोल दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानें वाढतो. म्हणजे ३ मिलिमीटरांऐवजीं ६ मिलिमीटरांचें बिट घेतलें तर ताठपणा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. त्याचप्रमाणें कोलेटच्या बाहेर राहिलेल्या लांबीच्या तिसऱ्या घातानें वांक वाढतो. १५ मिलिमीटरांऐवजीं ३० मिलिमीटर बाहेर ठेवलें कीं त्याच जोरानें वांक आठपट. यावरून दोन नियम निघतात : कामास चालेल तितकें जाड बिट घ्यावें, व फळीच्या जाडीस पुरेल तितकेंच बाहेर ठेवावें. पुढें कधीं उपयोगी पडेल म्हणून लांबच लांब बिट घेणें हें मोडण्यास आमंत्रण होय.

जाड बिटास एक मर्यादा मात्र आहे. फिरतें बिट आंतला काटकोन कधींच काटकोनी सोडीत नाहीं. कोपऱ्यांत त्याच्या अर्ध्या जाडीएवढी गोलाई राहते. ६ मिलिमीटरांच्या बिटाची गोलाई ३ मिलिमीटर. जेथें फळींत फळी बसवावयाची असेल, तेथें मोठें काम जाड बिटानें उरकून कोपरे बारीक बिटानें काढावे, किंवा कोपऱ्यांत लहान गोल खांच मुद्दाम अधिक खोदावी, अथवा पटाशीनें हातानें साफ करावे.

किती खांचा, कोणता पीळ

बिटाच्या अंगावर ज्या पन्हळीसारख्या खांचा असतात, त्यांस कारागीर फ्लूट म्हणतात. प्रत्येक खांचेस एक धार. एका खांचेचें बिट ढलप्यांस मोकळी वाट देतें, म्हणून प्लॅस्टिक व ॲल्युमिनियम यांस तें उत्तम. दोन खांचांचें लाकूड व प्लायवूड यांसाठीं सर्वसाधारण. चार खांचांचें बिट पोलाद कापणाऱ्या जड यंत्रांसाठीं असतें. लहान राउटरवर त्याच्या अरुंद खांचा भुशानें भरतात व लाकूड जळतें.

पिळाची दिशाहि तितकीच महत्त्वाची. वर काढणारा पीळ भुसा बाहेर फेंकतो, त्यामुळें खांच स्वच्छ राहते व बिट थंड राहतें; परंतु तो फळीचा वरचा पृष्ठभाग उसवतो, आणि पातळ फळी टेबलावरून उचलूं पाहतो. खालीं दाबणारा पीळ याच्या उलट : वरची कड सुरेख येते, फळी दाबून धरली जाते, पण भुसा खांचेंत ठासला जातो व उष्णता कोंडते. तेव्हां खोल खांचेस पहिला आणि दर्शनी, उथळ कामास दुसरा, अशी योजना करावी. सरळ धारेचें बिट या दोहोंच्या मध्यें बसतें. तें स्वस्त असून एम. डी. एफ. व घन लाकडास चालतें.

दुकानदार तिसराहि एक प्रकार पुढें करितात. त्यांत खालचा भाग वर काढणारा व वरचा भाग खालीं दाबणारा असतो. यास कम्प्रेशन बिट म्हणतात. प्लायवूडच्या दोन्ही बाजू स्वच्छ येतात हें खरें. परंतु पहिल्याच फेरींत वरचा उलटा पीळ लाकडांत शिरेल इतकें खोल जावें लागतें. लहान यंत्र एका फेरींत दोन-तीन मिलिमीटरच जातें; तेथें हें महाग बिट साध्या वर काढणाऱ्या बिटासारखेंच वागतें, आणि जादा पैसा वायां जातो.

टोकाचा आकार

सपाट टोकाचें बिट कापण्यास व खांचेस. अर्धगोल टोकाचें बिट नक्षी व उंचसखल आकारांस. यांत शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांमध्यें बारीक उंचवटा राहतो. त्याचा हिशेब सोपा आहे : दोन फेऱ्यांतील अंतराचा वर्ग टोकाच्या त्रिज्येच्या आठपटीनें भागावा. ३ मिलिमीटर त्रिज्या व ०.६ मिलिमीटर अंतर असतां उंचवटा ०.०१५ मिलिमीटर येतो, जो थोड्या घासणीनें जातो. अंतर दुप्पट केलें कीं उंचवटा चौपट.

पाट्यांच्या अक्षरांस टोकदार, म्हणजे व्ही आकाराचें बिट लागतें. तें जितकें खोल जाईल तितकी रेघ रुंद होते, म्हणून देवनागरीच्या शिरोरेषेचीं टोकें व कान्ह्याचे कोपरे धारदार काढणें त्यानें शक्य होतें. ३ मिलिमीटर खोलीस ६० अंशांचें बिट सुमारें ३.५ मिलिमीटर रुंद रेघ काढतें व ९० अंशांचें ६ मिलिमीटर. यावरूनच कळेल कीं, फळी अर्धा मिलिमीटर जरी वांकडी असली तरी ९० अंशांच्या बिटाची रेघ एका जागीं एक मिलिमीटर जाड किंवा बारीक होईल. पाटी बिघडली कीं लोक बिटास दोष देतात. दोष बहुधा पावसाळी हवेनें फुगून वांकलेल्या फळीचा असतो. अक्षरें कोरण्यापूर्वीं फळी रंध्यानें अगर रुंद बिटानें सपाट करून घ्यावी.

वेगाचा हिशेब

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बिटाच्या प्रत्येक धारेनें प्रत्येक फेऱ्यांत किती जाडीची ढलपी काढावी, यावर त्याचें आयुष्य अवलंबून आहे. ढलपी पुरेशी जाड असली तर कापण्याची उष्णता तिच्याबरोबर बाहेर जाते. ती फार पातळ झाली तर धार कापीत नाहीं, नुसती घासते. उष्णता बिटांतच राहते, लाकूड काळें पडतें व धार मरते. म्हणून भिऊन फार हळू चालविणें हें जपणें नव्हे, बिटाचा तो नाशच होय.

हिशेब असा : मिनिटांतील फेरे, धारांची संख्या व ढलपीची जाडी यांचा गुणाकार म्हणजे बिट सरकविण्याचा वेग. ३ मिलिमीटरांच्या बिटास कठीण लाकडांत ढलपीची जाडी ०.०५ मिलिमीटरांपासून सुरुवात करून पाहावी. स्पिंडल मिनिटास १६,००० फेरे करीत असून बिटास दोन धारा असतील, तर १६,००० × २ × ०.०५ म्हणजे मिनिटास १,६०० मिलिमीटर वेग हवा. त्याच बिटास ३०० मिलिमीटरांनीं चालविलें तर ढलपी ०.०१ मिलिमीटरांहूनहि पातळ होते, व धूर निघतो.

पण आपलें यंत्र १,६०० नें धांवूंच शकत नसेल तर? पुष्कळ लहान यंत्रांची हीच अडचण असते. तेव्हां फेरे निम्मे करावे. अथवा ते कमी होत नसतील तर एका धारेचें बिट लावावें. १६,००० × १ × ०.०५ म्हणजे ८०० मिलिमीटर, व ढलपी तितकीच जाड राहते. अशक्त यंत्राच्या मालकानें दोन खांचांऐवजीं एका खांचेचें बिट प्रथम घ्यावें असें आम्ही म्हणतों, त्याचें कारण हें आहे. एका फेरींतील खोली प्रथम बिटाच्या अर्ध्या जाडीएवढी ठेवावी. आवाज स्वच्छ राहिला तर वाढवावी. बिट सरळ खालीं टोंचण्यापेक्षां उतरणीनें लाकडांत न्यावें.

कोणत्या पदार्थास काय

मधमाशांच्या पेटीस माप अचूक लागतें. १८५१ सालीं अमेरिकेंत लँगस्ट्रॉथ यानें हेरलें कीं, चौकटी व भिंत यांमध्यें ठराविक अंतर सोडलें तर माशा तें मोकळें ठेवितात. आमच्या सातेरी माशीस हें अंतर सुमारें ८ मिलिमीटर धरतात. तें फार वाढलें तर माशा त्यांत पोळें बांधतात, फार कमी झालें तर त्यांस जातां येत नाहीं. येथें बिटाच्या छापील मापावर विसंबूं नये. वापरलेलें बिट झिजून बारीक होतें, व कोलेट डगमगत असेल तर तेंच बिट रुंद कापतें. टाकाऊ फळीवर एक खांच पाडून व्हर्नियरनें मोजावी आणि तेंच माप संगणकास द्यावें.

चकत्यांसाठीं एच. डी. पी. ई. प्लॅस्टिक घेतात. त्यास एका खांचेचें, वर काढणारें, अगदीं नवें धारदार बिट लावावें. फेरे कमी व सरकण्याचा वेग अधिक ठेवावा; नाहींतर प्लॅस्टिक वितळून बिटास गोळा होऊन बसतें. ॲल्युमिनियमसहि एका खांचेचेंच बिट, पण फेरी अगदीं उथळ. आणि ज्या मुलाम्यांत ॲल्युमिनियम असतें तो मुलामा येथें टाळावा, कारण धातु त्यास चिकटतो.

भाईंदरच्या गाळ्यांतून स्टेनलेस पोलादाचीं भांडीं बनतात, म्हणून त्याचे तुकडे स्वस्तांत हातीं येतात व तेंहि राउटरवर कापून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. १०,००० फेऱ्यांस ६ मिलिमीटरांच्या बिटाची धार मिनिटास सुमारें १८८ मीटर धांवते. लाकडास हा वेग मुळींच जास्त नाहीं, पण स्टेनलेस पोलादास तो फार आहे. शिवाय लहान चौकटीस तो जोरहि पेलवत नाहीं. बिट क्षणांत जळेल किंवा तुटून उडेल.

धरणें, निगा व जपणूक

कोलेट बिटाच्या दांड्याच्या मापाचेंच असावें. लहान यंत्रांत ३.१७५ मिलिमीटरांचा, म्हणजे पाव इंचाच्या निम्मा, दांडा फार चालतो. तो ३ मिलिमीटरांच्या कोलेटमध्यें ठोकूं नये, तसेंच ६ चा दांडा ६.३५ च्या कोलेटमध्यें ढिला धरूं नये. दांडा कोलेटच्या पूर्ण लांबींत बसवावा. कोलेटमध्यें भुसा राहिला तर बिट डगमगतें. म्हणून प्रत्येक बदलाचे वेळीं तें पुसावें.

बिटें एका डब्यांत एकमेकांवर आपटूं देऊं नयेत. लाकडी ठोकळ्यांत भोंकें पाडून उभीं ठेवावीं. डिंक बसला तर कोमट साबणाच्या पाण्यानें ब्रशनें धुऊन लगेच कोरडीं करावीं, व पावसाळ्यांत तेलाचा हात फिरवावा. कीस येण्याऐवजीं पीठ येऊं लागलें, आवाज कर्कश झाला, किंवा कड काळी पडली, तर धार गेली असें समजावें. बोथट बिट रेटीत राहिल्यानें वाचलेला पैसा फळींत दुप्पट जातो.

तुटलेल्या कार्बाइडचा तुकडा गोळीसारखा सुटतो. तेव्हां डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा. हातमोजे व सैल बाह्या मात्र फिरत्या बिटाजवळ नकोत. लाकडाची धूळ मनुष्यास कर्करोगकारक आहे असें आंतरराष्ट्रीय कर्करोगसंशोधन संस्थेनें १९९५ सालीं ठरविलें आहे. म्हणून नाकावर मुखपट्टी बांधावी व धूळ ओढणारा पंखा जोडावा. यंत्र चालूं ठेवून शेतावर जाऊं नये, कारण बोथट बिटाखालीं भुसा धुमसूं लागतो.

पहिली खरेदी

वीस-तीस बिटांचा स्वस्त संच घेण्यापेक्षां चार चांगलीं बिटें घ्यावीं : ६ मिलिमीटरांचें दोन खांचांचें वर काढणारें एक, ३.१७५ मिलिमीटरांचीं एका खांचेचीं दोन, आणि पाटीच्या कामासाठीं ६० अंशांचें व्ही एक. यंत्र अगदीं अशक्त असेल तर ६ च्या ऐवजीं एका खांचेचें बारीक बिट आणखी एक घ्यावें. नक्षीचें काम खरोखर मिळालें म्हणजे अर्धगोल टोकाचें घ्यावें, तोंपर्यंत नको.

आणि एक वही ठेवावी. तींत लाकूड, बिट, फेरे, वेग, खोली व परिणाम हीं सहा सदरें आंखून प्रत्येक कामाची नोंद करावी. साग वसईचा असो कीं डोंगरांतला, फळी ओली असो कीं सुकी, प्रत्येकीस किंचित निराळें माप लागतें, आणि तें वर्षभराच्या नोंदींतूनच कळतें. जो आपल्या शेताची पेरणी टिपून ठेवितो, त्यास हें अवघड नाहीं. अशा वह्या दोन-चार घरांनीं एकमेकांस दाखविल्या, तर एकाचें मोडलेलें बिट दुसऱ्याचें वांचवील.